स्वेच्छेचे सदस्यत्व आणि वाटलेला अधिकार : काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या शासनविचारातील एक अंतर्विरोध

प्रास्ताविक

चर्चच्या शासनपद्धतीचा प्रश्न वरवर पाहता अंतर्गत व्यवस्थेचा वाटतो. पाळक कोणी नेमावा, दोषी सभासदास कोणी बहिष्कृत करावे, प्रभुभोजनास कोणास बसू द्यावे, हे ज्याच्या त्याच्या धर्मसंस्थेने पाहावयाचे तपशील आहेत असा आपला समज असतो. परंतु सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये याच तपशिलांपायी माणसे फासावर गेली. रॉबर्ट ब्राउन याची पुस्तके वाटल्याच्या आरोपावरून १५८३ साली बरी सेंट एडमंड्स येथे एलायस थॅकर व जॉन कॉपिंग यांना देहान्त शिक्षा झाली. १५९३ साली हेन्री बॅरो, जॉन ग्रीनवुड आणि जॉन पेन्री हे तिघे त्याच वाटेने गेले. यांपैकी कोणीही ख्रिस्ताचे देवत्व नाकारले नव्हते. धर्मसंस्था कोणाची आणि तिच्यात कोण, एवढ्यापुरताच त्यांचा राज्यसत्तेशी झगडा होता.

या झगड्यातून दोन तत्त्वे पुढे आली. पहिले असे की, चर्चचे सदस्यत्व जन्माने वा राजाज्ञेने मिळत नाही, ते व्यक्तीने स्वतः स्वीकारावयाचे असते. दुसरे असे की, चर्चमधील अधिकार एका व्यक्तीच्या हाती नसून तो पाळक, वडील व सर्वसाधारण सभासद यांच्यात वाटलेला असतो. ही दोन्ही तत्त्वे एकाच नाण्याच्या दोन बाजू म्हणून मांडण्याची प्रथा आहे. जे स्वेच्छेने एकत्र येतात तेच एकत्र कारभार करतात, हा युक्तिवाद सरळही वाटतो. प्रस्तुत निबंधात मात्र असे दाखविण्याचा प्रयत्न आहे की, ही तत्त्वे भिन्न उगमाची आहेत, एकत्र नांदताना ती वारंवार परस्परांवर आदळली, आणि ज्या ठिकाणी हा आघात सर्वांत तीव्र झाला ते ठिकाण म्हणजे सभासदांची पुढची पिढी.

दोन तत्त्वांचे वेगळेपण

वाटलेला अधिकार स्वेच्छेवाचूनही संभवतो, याचे ठळक उदाहरण जिनिव्हाचे आहे. जॉन कॅल्व्हिन याच्या पुढाकाराने १५४१ साली तेथे जे धार्मिक नियम संमत झाले, त्यांत पाळक, शिक्षक, वडील व डीकन अशी चार पदे होती. शिस्तीचा अधिकार पाळक आणि वडील यांनी मिळून वापरावयाचा होता. एकट्या बिशपची सत्ता येथे संपली. परंतु जिनिव्हात राहणारा प्रत्येक जण त्या चर्चमध्ये होताच, ‘मी यात नाही’ असे म्हणण्यास जागा नव्हती.

याच्या उलट उदाहरण अठराव्या शतकात सापडते. जॉन वेस्ली याच्या मेथडिस्ट संघांत प्रवेश संपूर्णपणे ऐच्छिक होता. कारभार मात्र वेस्लीच्या एकहाती चाले. १७८४ च्या दस्तऐवजान्वये त्याने आपल्या पश्चात अधिकार सोपविला तो शंभर प्रवचनकारांच्या सभेकडे. सामान्य सभासदांना तीत स्थान नव्हते. या मुद्द्यावरून अलेक्झांडर किल्हॅम बाहेर पडला आणि १७९७ मध्ये वेगळा मेथडिस्ट पंथ निघाला. तात्पर्य, दोन तत्त्वांपैकी एक आहे म्हणून दुसरे असेलच असे नाही.

इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा समर्थक रिचर्ड हूकर याने तर पहिल्या तत्त्वाच्या मुळावरच घाव घातला. त्याच्या ग्रंथाचा आठवा खंड त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १६४८ साली छापला गेला. त्यातील प्रतिपादन असे की, इंग्लंडचे राज्य आणि इंग्लंडचे चर्च या एकाच जनसमूहाच्या दोन ओळखी आहेत. जो प्रजाजन तो चर्चचा सभासद, यात निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. हूकरला केवळ सनातनी म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु त्याने विचारलेला प्रश्न रास्त होता : धर्म जर समाजाचा पाया, तर त्या पायात शिरणे-न शिरणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर कसे सोडावे?

नॉर्विच ते ॲमस्टरडॅम

या प्रश्नाला ब्राउनने कृतीने उत्तर दिले. १५८१ च्या सुमारास नॉर्विच येथे त्याने काही अनुयायांना घेऊन आपसांतील कराराने एक मंडळी स्थापन केली. छळ होऊ लागताच ती हॉलंडमधील मिडलबर्ग येथे गेली. १५८२ साली तेथून प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने राजसत्तेची वाट न पाहता सुधारणा करावी असा आग्रह धरला. सर्व सभासदांना सर्व बाबतींत बोलण्याचा अधिकार देणारी ही मंडळी दोन-तीन वर्षांतच अंतर्गत कलहाने मोडली. खुद्द ब्राउन इंग्लंडला परतला, राजमान्य चर्चमध्ये सामील झाला आणि १५९१ पासून त्याच चर्चचा पाळक म्हणून त्याने अनेक वर्षे काढली. ज्याच्या पुस्तकांसाठी दोघे फासावर गेले तो मनुष्य असा वागला, म्हणून नंतरच्या अनुयायांनी ‘ब्राउनपंथी’ हे नाव शिवीसारखे झिडकारले.

‘मंडळी’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी मूळ ग्रीक शब्दासाठी तोच योजला. मराठीत ‘मंडळी’ म्हटले की जमलेली माणसे डोळ्यांसमोर येतात, इमारत वा अधिकाऱ्यांची उतरंड येत नाही. ब्राउनला हा शब्द ठाऊक असता तर त्याने तो आनंदाने उचलला असता.

मंडळी म्हणजे जमलेली माणसे हे मान्य केले, तरी त्यांपैकी निर्णय कोणी घ्यावयाचा हा प्रश्न उरतोच. मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात अपराधी बंधूविषयीची तक्रार शेवटी मंडळीपुढे नेण्याची आज्ञा आहे. येथे ‘मंडळी’ म्हणजे सर्व सभासद की त्यांचे वडील? ॲमस्टरडॅममध्ये आश्रय घेतलेल्या इंग्रज विभक्तवाद्यांची मंडळी याच शब्दावरून १६१० साली दुभंगली. पाळक फ्रान्सिस जॉन्सन याच्या मते निर्णय वडिलांचा होता, तर विद्वान हिब्रूपंडित हेन्री एन्सवर्थ याच्या मते तो सर्वांचा. जॉन्सनचा पक्ष समजून घेताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्याच्या पत्नीच्या भपकेबाज पेहरावावर सख्ख्या भावाने टीका केली, त्यावरून मंडळीत काही वर्षे धुमश्चक्री झाली आणि अखेर तो भाऊ व पुढे वृद्ध वडीलही बहिष्कृत झाले. सर्वांच्या सभेत सर्व काही चर्चिले जाण्याचा अर्थ काय, हे जॉन्सनने घरातच अनुभवले होते.

केंब्रिजचा जाहीरनामा

या गोंधळातून सुसंगत सिद्धान्त उभारण्याचे काम अटलांटिकपलीकडे झाले. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६३० नंतर जमलेल्या प्युरिटनांनी प्रत्येक गावी कराराने मंडळी स्थापन केली. बॉस्टनचा पाळक जॉन कॉटन याने १६४४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, पेत्राला मिळालेल्या स्वर्गराज्याच्या किल्ल्या नेमक्या कोणाच्या, याचा ऊहापोह केला. त्याचे उत्तर चतुर होते. किल्ल्या एकाहून अधिक आहेत आणि त्या वाटलेल्या आहेत. ‘स्वातंत्र्य’ बंधुजनांचे, ‘अधिकार’ वडिलांचा. बंधुजन निवडतील व संमती देतील, वडील शिकवतील व चालवतील, आणि एकाची कृती दुसऱ्यावाचून पूर्ण होणार नाही. याच वर्षी लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर धर्मपरिषदेतील टॉमस गुडविन, फिलिप नाय आदी पाच असहमत सदस्यांनी असाच मध्यम मार्ग पार्लमेंटपुढे मांडला. बहुसंख्य प्रेसबिटेरियनांनी तो मानला नाही.

१६४६ साली बोलाविलेल्या धर्मसभेने १६४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे जो जाहीरनामा पूर्ण केला, त्यात या विचाराला घटनेचे स्वरूप आले. चर्चचे शासन मिश्र आहे, असे त्याच्या दहाव्या प्रकरणात सांगितले. ख्रिस्ताच्या दृष्टीने ते राजतंत्र, बंधुजनांच्या दृष्टीने लोकतंत्रासारखे आणि वडिलांच्या दृष्टीने श्रेष्ठजनतंत्र. अरिस्टॉटलपासून चालत आलेले हे त्रैविध्य गावोगावच्या लहानशा लाकडी सभागृहांत उतरावे, ही विलक्षण घटना होय. व्यवहारात तराजू वडिलांकडे झुकलेला असे. हार्टफर्डचा पाळक सॅम्युएल स्टोन याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. श्रेष्ठजनांनी बोलावे आणि लोकांनी गप्प बसून ऐकावे, अशा आशयाचे ते होते, आणि ते त्याने तक्रार म्हणून केलेले नव्हते.

जाहीरनाम्यातील आणखी एका तरतुदीकडे पुरेसे लक्ष जात नाही. तेराव्या प्रकरणानुसार सभासदाला मनास येईल तेव्हा मंडळी सोडता येत नसे. त्यासाठी मंडळीची संमती लागे. म्हणजे आत येणे स्वेच्छेचे, बाहेर जाणे मात्र नव्हे. करार उभयपक्षी असल्याने तो एकट्याने मोडता येत नाही, हे यामागचे तर्कशास्त्र. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘स्वेच्छा’ या शब्दाचा खरा कस येथे लागतो. ज्या संस्थेतून बाहेर पडण्यास इतरांची अनुमती लागते, तिला ऐच्छिक म्हणावयाचे ते अर्ध्याच अर्थाने.

शिवाय मंडळीच्या भिंतीबाहेर स्वेच्छेला थाराच नव्हता. १६३१ च्या निर्णयाने वसाहतीत मताधिकार केवळ मंडळीच्या सभासदांना मिळाला होता. सभासद नसलेल्यांनाही उपासनेस हजर राहणे भाग होते आणि पाळकाच्या निर्वाहाचा वाटा उचलावा लागे. सभासद होण्यासाठी १६३० च्या दशकात आपल्या अंतःकरणातील परिवर्तनाची साक्ष सर्वांसमक्ष देण्याची अट रूढ झाली. ही अट विभक्तवाद्यांकडून आलेली नसून न्यू इंग्लंडमध्येच जन्मली, असे एडमंड मॉर्गन या इतिहासकाराने १९६३ साली दाखविले. स्त्रिया ही साक्ष देऊन स्वतःच्या नावाने सभासद होत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक मंडळ्यांत त्यांचीच संख्या अधिक होती. मत मात्र केवळ ‘बंधुजनांना’ असे. ॲन हचिन्सन हिने घरी सभा घेऊन पाळकांच्या प्रवचनांची चिकित्सा केली, तेव्हा १६३८ च्या मार्चमध्ये बॉस्टनच्या मंडळीने तिला बहिष्कृत केले.

विल्यम्स आणि लॉक

स्वेच्छेचे तत्त्व शेवटपर्यंत नेणारा विचार या व्यवस्थेतून हाकलला गेलेल्या रॉजर विल्यम्सने मांडला. १६४४ च्या आपल्या ग्रंथात त्याने चर्चची तुलना केली ती शहरातील वैद्यांच्या संघाशी आणि ईस्ट इंडियाच्या व्यापाऱ्यांच्या कंपनीशी. अशा कंपनीत तंटे होतील, फूट पडेल, ती बुडेलही, परंतु शहराच्या शांततेस त्याने बाध येत नाही. हूकरच्या प्रश्नाचे हे उत्तर होते : धर्मसंस्था हा समाजाचा पाया नव्हेच, ती समाजातील अनेक मंडळांपैकी एक आहे. ज्या कंपनीचा दाखला विल्यम्सने इतक्या सहजपणे दिला, तिच्या पुढील चरित्राची आपणास असलेली माहिती त्याला नव्हती, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

जॉन लॉकने १६८९ च्या सहिष्णुतेवरील पत्रात हीच भूमिका तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडली. कोणीही मनुष्य कोणत्याही चर्चचा सभासद म्हणून जन्मास येत नाही, अन्यथा बापाच्या जमिनीप्रमाणे धर्मही वारशाने मिळेल. म्हणून आत येण्याइतकेच बाहेर जाणेही मोकळे असले पाहिजे, आणि बहिष्काराने सभासदत्व जाईल, परंतु मालमत्ता वा नागरी हक्क जाणार नाहीत. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजमध्ये लॉक शिकला तेव्हा तेथील डीन जॉन ओवेन हा इंग्लंडमधील काँग्रिगेशनल पंथाचा अग्रणी होता. त्यावरून फार निष्कर्ष काढू नयेत, पण हा विचार लॉकच्या कानांवरून विद्यार्थिदशेतच गेला असणार, एवढे म्हणता येईल. लक्षणीय गोष्ट अशी की, लॉकने स्वेच्छेवर जेवढा भर दिला, तेवढा अंतर्गत अधिकाराच्या वाटणीवर दिला नाही. ज्याला हवे तो बिशप असलेले चर्च निवडील, असेच त्याचे म्हणणे. बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा असेल तर आत लोकतंत्र असलेच पाहिजे असे नाही, आणि तो मार्ग बंद असेल तर आतील लोकतंत्राची निकड वाढते. दोन तत्त्वे परस्परपूरक न राहता परस्परांना पर्याय ठरू शकतात, हे येथे उघड होते.

मुलांचे काय?

मॅसॅच्युसेट्समधील पहिल्या सभासदांनी आपल्या मुलांचा बाप्तिस्मा करविला होता. ही मुले मोठी झाली, सदाचाराने राहू लागली, परंतु त्यांतील बहुतेकांना परिवर्तनाची साक्ष देता येईना. मग त्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा करावा की नाही? १६६२ च्या धर्मसभेने तोडगा काढला. अशा व्यक्तींनी कराराला मान्यता दिली तर त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा मिळेल, मात्र त्यांना स्वतःला ना प्रभुभोजन, ना मत. विरोधकांनी याला ‘अर्धवाटेचा करार’ असे कुचेष्टेचे नाव दिले व तेच रूढ झाले. बॉस्टनची पहिली मंडळी या वादात फुटली. असहमतांनी वेगळे होण्याची अनुमती मागितली असता बहुमताने ती नाकारली, आणि तरीही ते बाहेर पडून १६६९ साली त्यांनी तिसरी मंडळी स्थापन केली. तेराव्या प्रकरणातील तरतूद अशी प्रत्यक्षात आली.

नॉर्दॅम्प्टनचा पाळक सॉलोमन स्टॉडर्ड याने पुढचे पाऊल टाकले. सदाचारी व जाणत्या सर्वांना त्याने प्रभुभोजनास बसू दिले. त्याचा नातू जोनाथन एडवर्ड्स हा १७२९ पासून तेथील एकमेव पाळक झाला. अमेरिकेच्या वसाहतयुगातील सर्वश्रेष्ठ तत्त्वचिंतक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. आजोबांची प्रथा बदलून खऱ्या श्रद्धेची कबुली देणाऱ्यालाच सभासद करावे, अशी भूमिका त्याने १७४९ च्या पुस्तकात मांडली. म्हणजेच त्याला स्वेच्छेच्या सदस्यत्वाचे मूळ तत्त्व पुन्हा प्रस्थापित करावयाचे होते. मंडळीने दुसरे मूळ तत्त्व वापरून त्याला उत्तर दिले. शेजारच्या मंडळ्यांच्या परिषदेने एका मताच्या फरकाने त्याला दूर करण्याची शिफारस केली. सभासद पुरुषांच्या मतदानात दोनशेहून अधिक मते त्याच्या विरुद्ध आणि तेवीस बाजूने पडली. २२ जून १७५० रोजी त्याची पाळकी संपली आणि पुढील वर्षी तो स्टॉकब्रिजला मूळ अमेरिकन रहिवाशांत काम करण्यास गेला.

या घटनेत एडवर्ड्सचा स्वभाव, पगाराचे जुने वाद, गावातील घराण्यांचे हेवेदावे असे अनेक धागे आहेत. तथापि सैद्धान्तिक धागा सर्वांत बळकट वाटतो. सभासदांना अधिकार दिला की ते प्रथम आपल्या मुलाबाळांचे स्थान सुरक्षित करतात, यात ढोंग नाही. ज्यांनी मत दिले त्यांची मुले उपासनेस येत होती, नातवंडांचा बाप्तिस्मा व्हावयाचा होता. वाटलेल्या अधिकाराने वारशाचे रक्षण केले आणि स्वेच्छेचा आग्रह धरणारा एकटा पडला.

अहमदनगर

हा वाद मराठी प्रदेशाला परका नाही. मॅसॅच्युसेट्समधील याच काँग्रिगेशनल परंपरेतून १८१० साली अमेरिकन बोर्ड निघाले. त्याचे मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. १८३१ पासून अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे प्रमुख ठाणे झाले आणि १८३३ साली तेथे मंडळी स्थापन झाली. ज्या समाजात जन्मच सर्व ठरवीत असे, तेथे स्वेच्छेच्या सदस्यत्वाला न्यू इंग्लंडहून कितीतरी तीक्ष्ण धार आली. पहिल्या पिढीच्या सभासदाला आत येताना घर, जात व पुष्कळदा वाटणीचा हक्क सोडावा लागे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म वा जात सोडणाऱ्याचा वारसाहक्क अबाधित ठेवला. लॉकने मागितलेले नागरी संरक्षण ते हेच.

अधिकाराच्या वाटणीची गोष्ट मात्र निराळी झाली. सिद्धान्ताप्रमाणे मंडळीने आपला पाळक निवडावयाचा, पण पैसा बॉस्टनहून येई आणि कारभार मिशनऱ्यांच्या सभेत चाले. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी १८५४-५५ मध्ये येथे येऊन पाहणी केली आणि देशी मंडळ्यांवर देशी पाळक असावेत, त्या स्वशासित व स्वावलंबी व्हाव्यात असा आग्रह धरला. हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे पाळक त्याच दशकात पुढे आले. तरीही मंडळी स्वशासित आणि मिशन धनको, हा पेच पुढील पिढ्यांपर्यंत उरला. केंब्रिजच्या जाहीरनाम्यात वडील आणि बंधुजन असे दोनच पक्ष होते. वेतन देणारा तिसरा पक्ष त्याच्या कर्त्यांनी कल्पिलाच नव्हता.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा संकल्प केला, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर पाहावा. बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोघांनाही त्या बंधुसंघात स्थान होते. भक्तीची इच्छा एवढीच अट. स्वेच्छेचे तत्त्व येथे बाप्तिस्म्याच्याही पलीकडे गेले, आणि मिशनच्या वेतनाशी असलेला संबंध तोडूनच ते जाऊ शकले. १९१९ साली टिळकांचे निधन झाले आणि हा प्रयोग अपुरा राहिला.

१९२४ साली मराठी काँग्रिगेशनल मंडळ्या प्रेसबिटेरियनांसह उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये विलीन झाल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन व डिसायपल्स यांच्याशी संयोग होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. बिशप आला, परंतु घटनेने बांधलेला. बिशपप्रधान, वडीलप्रधान व मंडळीप्रधान अशा तिन्ही परंपरांना त्या घटनेत जागा देण्यात आली. अधिकाराची वाटणी अशा रीतीने कागदावर तरी पार पडली. बाप्तिस्म्याविषयी मात्र एक नियम करता आला नाही. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयात स्वतःच्या श्रद्धेच्या कबुलीनंतरचा बाप्तिस्मा, असे दोन्ही मार्ग मान्य करण्यात आले आणि आपल्या मुलासाठी कोणता घ्यावा हे आईबापांवर सोडण्यात आले.